राहायला कसं आहे?

‘तुमचं गाव राहायला कसं आहे हो?’ या प्रश्नाचं खरं उत्तर देणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही. त्यात मीही आलोच. परगावच्या माणसानं विचारलं की आपण छाती पुढे काढून सांगतो, ‘छे, छे! आमच्या गावाची सर कुठल्या गावाला नाही.’ आणि तोच प्रश्न गावातल्याच माणसानं, चाळीस मिनिटं बसची वाट पाहून झाल्यावर बसथांब्यावर विचारला, तर ‘हे काय माणसानं राहायचं ठिकाण आहे?’ असं आपण तितक्याच छातीनं म्हणतो. गंमत अशी की दोन्ही वेळी आपण अगदी मनापासून बोलत असतो.

त्यामुळे हा प्रश्न ‘काय, कसं काय?’ या जातीचा आहे, त्याला उत्तर द्यायचं नसतं, असं मी धरून चाललो होतो. पण गेल्या मे महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला.

‘मामा, पुणं राहायला कसं आहे?’

भाची तालुक्याच्या गावी राहते. तिला इथल्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नोकरी चालून आली होती आणि आठ दिवसांत होय की नाही ते कळवायचं होतं. मी सवयीप्रमाणे सुरुवात केली, ‘अगं, पुणं म्हणजे काय विचारतेस...’

‘तसलं नको मामा. खरं सांगा.’

मी दचकलो. ‘उद्या सांगतो’ म्हणालो आणि फोन ठेवला.

‘पन्नास वर्षं राहिलात ना इथं?’ आतून आवाज आला. ‘पन्नास वर्षं संसार केलेल्या माणसाला बायको कशी आहे म्हणून विचारलं, तर तो उद्या सांगतो म्हणेल का?’

‘म्हणेल,’ मी म्हणालो. ‘बायको घरात असली तर म्हणेल.’

पण हिच्या बोलण्यात तथ्य होतं. पन्नास वर्षं ज्या गावात काढली ते चांगलं की वाईट, हे सांगायला मला मुदत मागावी लागत होती.

प्रश्न अवघड असला की मी पूर्वजांकडे धाव घेतो. त्यांना उलटतपासणी करता येत नाही, हा त्यांचा मोठा गुण. चाणक्याच्या नावावर जी नीतिवचनं चालतात त्यांत असं सांगितलं आहे की धनिक, वेद जाणणारा विद्वान, राजा, नदी आणि वैद्य ही पाच जिथं नाहीत तिथं माणसानं एक दिवसही राहू नये. मी कोरा कागद घेतला, पाच रकाने पाडले आणि पुण्याला गुण द्यायला बसलो.

धनिक. अडीनडीला उसने पैसे मिळावेत म्हणून चाणक्यानं धनिक सांगितला असावा. हल्ली तर आपण त्याच्याकडे जावंच लागत नाही; ‘कर्ज हवंय का सर?’ म्हणून तोच दिवसातून तीनदा फोन करतो. पैकीच्या पैकी.

विद्वान. चाणक्याला अख्ख्या गावात एक पुरेसा होता. आमच्या एका जिन्यात चार आहेत. चौघांचं कुठल्याही विषयावर एकमत नाही. एकमेकांच्या विद्वत्तेविषयी मात्र चौघांचं मत अगदी एक आहे. पैकीच्या पैकी.

राजा. इथं पेन्सिल थोडी अडखळली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर काही वर्षं निवडून दिलेले नगरसेवकच नव्हते, प्रशासक कारभार पाहत होते. राजाशिवाय गाव चालतं का? तर चाललं. खड्डे होते तिथंच राहिले. फक्त ते कुठल्या नगरसेवकामुळे राहिले हे सांगण्याची सोय गेली. अर्धे गुण.

नदी. मुठा आहे. वर्षातले आठ महिने ती दिसण्याआधी वासावरून ओळखता येते. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि तो गेला का हे पाहायला निम्मं गाव छत्र्या घेऊन काठावर जमतं. १२ जुलै १९६१ला पानशेतचं धरण फुटलं तेव्हा मात्र नदीच गाव पाहायला आली होती. जुनी माणसं अजून भिंतीवर हात ठेवून ‘इथवर पाणी होतं’ म्हणून दाखवतात. गावाला नदी असावी, हे चाणक्य सांगून गेला. नदीला कसलं गाव असावं, हे तिला कुणीच विचारलं नाही. मी तिला गुण दिले आणि गावाचे कापले.

वैद्य. गल्लोगल्ली. चाणक्यानं यादीत धनिकाला पहिला आणि वैद्याला शेवटचा का घातला, हे रुग्णालयाचं बिल हातात पडल्यावर माणसाला नीट कळतं. आधी पहिल्याकडे जावं, मग शेवटच्याकडे.

बेरीज चांगली आली. त्या पाचांत घरमालक नाही, ही गोष्ट मला त्या वेळी खटकली नाही.

तरी मन भरेना. मग आधुनिक शास्त्राकडे वळलो. केंद्र सरकारनं २०१८ साली १११ शहरांची पाहणी करून राहायला सोयीची शहरं कोणती, याची क्रमवारी लावली होती. तीत पुणं पहिलं आलं. नवी मुंबई दुसरी, मुंबई तिसरी आणि खुद्द दिल्ली पासष्टावी. त्या दिवशी पुण्यात कुणी पेढे वाटले नाहीत, कारण पुणेकरांच्या दृष्टीनं ही बातमीच नव्हती. दिल्लीला उशिरा कळलं, इतकंच. पुढे मार्च २०२१ मध्ये नवी यादी आली. तीत बंगळूर पहिलं आणि पुणं दुसरं. यादी करण्याची पद्धत सदोष आहे, हे पुण्यात त्याच संध्याकाळी सिद्ध झालं. या दुसऱ्या यादीत तीस टक्के वजन खुद्द नागरिकांच्या मताला होतं, हे इथं लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

जगाचीही अशी एक यादी असते. लंडनचं इकॉनॉमिस्ट इंटेलिजन्स युनिट ती काढतं. २०११ ते २०१७ अशी सात वर्षं मेलबर्न पहिलं होतं, नंतर बरीच वर्षं व्हिएन्ना, आणि २०२५ मध्ये कोपनहेगन. पण या यादीचं मूळ काम मला कळलं तेव्हा मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मोठ्या कंपन्या आपले साहेब परदेशी पाठवतात, तेव्हा कुठल्या गावच्या हालअपेष्टांबद्दल किती जादा भत्ता द्यायचा, हे ठरवायला ती उपयोगी पडते. गावाला शंभरांत पन्नास किंवा त्याहून कमी गुण पडले तर पगाराच्या वीस टक्के भत्ता द्यावा, असं ती सुचवते. म्हणजे ‘कोपनहेगन राहायला उत्तम’ या वाक्याचा मराठीत अर्थ इतकाच, की तिथं धाडलेल्या साहेबाला वर काही द्यावं लागत नाही.

हे साहेबाचं झालं. पण त्याच्या घरची भांडी घासणाऱ्या बाईला ते गाव कसं वाटतं, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

‘पाय वर घ्या काका,’ असा आवाज आला म्हणून मी पाहिलं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी फरशी पुसत टेबलापर्यंत आल्या होत्या. बीड जिल्ह्यातलं त्यांचं गाव. दोन बस बदलून त्या सकाळी सातला आमच्याकडे येतात आणि एवढी वर्षं आम्ही त्यांना फक्त ‘उद्या येणार ना?’ एवढा एकच प्रश्न विचारत आलो आहोत.

मी पाय वर घेतले आणि विचारलं, ‘मावशी, पुणं राहायला कसं आहे हो?’

त्या हसल्या. ‘आता इचारताय व्हय? तीस वर्सं झाली की येऊन.’

मला वाटलं, आता बसचं, महागाईचं, पावसात गळणाऱ्या पत्र्याचं येणार. त्यांनी फडकं पिळलं आणि म्हणाल्या, ‘गावाकडं हिर दाराम्होरं व्हती काका. पर आमी कडंला थांबायचं. कुनी वरनं वतलं तर भरून घ्यायचं, न्हाई तर बसायचं वाट बघत. हितं आले तवा नळ लांब व्हता. रांग व्हती, भांडनं व्हती. पर नळ काय नाव इचारीत न्हवता.’

एवढं बोलून त्या बादली घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. मी पाय वरच ठेवून बसलो होतो.

शाळेत असताना ‘खेड्यातील जीवन’ या विषयावर निबंध लिहून मी दहापैकी आठ गुण मिळवलेले आहेत. त्यात पाणवठ्यावर जमलेल्या बायकांचं सुंदर वर्णन होतं. कुणी कडेला थांबल्याचं त्यात नव्हतं, कारण मी ज्या बाजूला उभा होतो तिथून ते दिसत नव्हतं. डॉ. आंबेडकर ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत खेड्याविषयी फार कडक बोलले. खेडं म्हणजे संकुचितपणा आणि अज्ञान यांचं घर, अशा अर्थाचं. ते मी पुढे वाचलं तेव्हा मला ते जरा जास्तच वाटलं होतं. त्या सकाळी फरशी वाळेपर्यंत बसलो असताना मात्र तसं वाटलं नाही.

आणि मी शहराविरुद्ध तक्रार काय करतो? प्रत्येक लग्नाच्या पंगतीत माझं एक ठरलेलं वाक्य असतं: ‘शहरात काय हो, कुणी कुणाला विचारत नाही!’ शेजारचे हमखास माना डोलावतात. मावशी तीस वर्षांपूर्वी नेमक्या याच गोष्टीसाठी इथं आल्या होत्या. कुणी विचारू नये म्हणून.

मग मला एक गोष्ट आठवली. ती मी कुणाला सांगत नाही, पण आता तुमच्यापासून काय लपवायचं? मी पुण्यात का आलो? लोकांना मी सांगतो की इथल्या ग्रंथालयांसाठी, नाटकांसाठी, इथल्या वातावरणासाठी. खरं कारण असं की १९७२ साली मॅट्रिकला मी गणितात नापास झालो. निकालाचं वर्तमानपत्र एस.टी.नं यायचं. स्टँडवर नंबर शोधून, तो न सापडून, मी तोंड लपवत घरी पोचलो, तर बातमी माझ्याआधी पोचून चहाही पिऊन बसलेली. पुढचा महिनाभर गावात मला नाव राहिलं नाही. न्हावी वस्तरा गळ्याशी धरून विचारायचा, ‘गणितात किती?’ गिरणीवाला विचारायचा. तीर्थ हातावर घालताना देवळातले गुरव विचारायचे. ज्यांना स्वतःला दुधाचा हिशेब येत नव्हता तेसुद्धा विचारायचे. प्रेमानंच विचारायचे, हो! पण माणूस प्रेमानं किती वेळा नापास होणार?

शेवटी वडिलांनी ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी मला पुण्याला काकांकडे पाठवलं. पहिल्याच दिवशी मी स्वारगेटपासून शनिवारवाड्यापर्यंत चालत गेलो. वाटेत हजार माणसं भेटली असतील. एकानंही विचारलं नाही. एवढ्या मोठ्या गावात माझ्या गणिताशी एकालाही कर्तव्य नव्हतं! त्या दिवशी मी या शहराच्या जो प्रेमात पडलो तो पडलोच. ग्रंथालयं आणि नाटकं मागाहून आली.

शहर आपल्याला काय देतं, याच्या याद्या होतात: पाणी, रस्ते, दवाखाने, बागा. पण माणूस तिथं येताना मागे काय टाकून येतो, याचा रकाना कुठल्याच यादीत नाही. कुणी दुष्काळ टाकून येतो, कुणी आडनाव, कुणी गणित. ते मागचं मागे राहू देणारं गाव राहायला चांगलं.

अर्थात हेही मी फार ताणणार नाही. आमच्या समोरच्या इमारतीत एक आजोबा न्हाणीघरात पडले ते दुसऱ्या दिवशी दूधवाल्यामुळे कळलं. गावात ते दहा मिनिटांत कळलं असतं. विचारू नये तेही गाव विचारतं, आणि विचारायला हवं तेव्हासुद्धा शहर विचारत नाही. दोन्हींचा मध्य कुठं वसला आहे ते मला ठाऊक नाही. असेल तर तिथले जागेचे भाव परवडायचे नाहीत.

आणि पुणं तरी न विचारणारं गाव होतं का? याच गावात १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली, आणि तिथं शिकवायला जाणाऱ्या सावित्रीबाईंच्या अंगावर याच गावातल्या लोकांनी चिखल आणि शेण फेकलं. याच गावात १८६३ साली फुले पतिपत्नींनी, फसलेल्या विधवांना लपूनछपून का होईना बाळंत होता यावं म्हणून घर उघडलं. १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा कोकणातल्या त्यांच्या मुरूडनं त्यांना वाळीत टाकलं. पुण्यानंही काही ओवाळलं नाही, पण ते इथं राहू शकले, फर्ग्युसन कॉलेजात शिकवू शकले, आणि १८९६ साली त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. तर मग तेव्हाचं पुणं राहायला चांगलं होतं की वाईट? कुणाला विचारता यावर आहे. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेले नागरिकांच्या मताचे तीस टक्के आता काढा. शेण फेकणाऱ्याला विचारलं असतं, तर त्यानं आपल्या गावाला दहापैकी दहा गुण दिले असते.

संध्याकाळी मी भाचीला फोन लावला. इतका विचार केल्यामुळे आवाजात थोडं गांभीर्य आलं होतं. म्हटलं, ‘खुशाल ये. इथं कुणी काही विचारत नाही.’

पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, ‘मला तेवढंच विचारायचं होतं मामा.’

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. गेल्या वर्षी तिचं आणि जावयांचं फिसकटलं, ती माझ्या बहिणीकडे परत आली, हे मला माहीत होतं. पण तिला रोज फुलवाली विचारत असेल, बँकेतला शिपाई विचारत असेल, ‘पाहुणे कधी येणार?’ म्हणून देवळात कुणीतरी प्रेमानं विचारत असेल, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. गणितात नापास झालेल्या माणसाच्या तरी यायला हवं होतं. मी तिला नदी आणि वैद्य सांगणार होतो!

‘पण मामा,’ ती म्हणाली, ‘मग दोन एजंटांनी एकट्या बाईला जागा मिळणार नाही असं का सांगितलं? त्यातली एक जागा तुमच्याच सोसायटीतली होती.’

मी ‘बघतो’ म्हणालो. बघायला फार लांब जावं लागलं नाही. सोसायटीच्या इतिवृत्ताची वही सेक्रेटरींकडे असते. दोन वर्षांपूर्वीच्या वार्षिक सभेतला ठराव सुवाच्य अक्षरात होता: सदनिका फक्त कुटुंबांनाच भाड्याने द्यावी, एकट्या राहणाऱ्या व्यक्तीस देऊ नये. सूचक अमुक. अनुमोदक म्हणून माझं नाव.

मला तो प्रसंग लख्ख आठवला. खाली पार्किंगमध्ये सभा होती. शेवटचा विषय होता. बटाटेवडे आलेले होते आणि अनुमोदनावाचून अडलं होतं. मी हात वर केला. त्या क्षणी माझ्या मनात कुणाही एकट्या बाईविषयी काही वाईट नव्हतं. तिच्याविषयी काहीच नव्हतं. वडे गार होत होते, बस.

सबंध दिवस मी या शहराला गुण देत बसलो होतो, न्यायाधीशासारखा. आता कळलं की मी त्या खटल्यातला आरोपी होतो. पाऊस कसा आहे, हे माणूस खिडकीतून सांगू शकतो. पाऊस त्यानं पाडलेला नसतो. शहर कसं आहे, हे तसं सांगता येत नाही. कुठल्या तरी सभेत, कुठल्या तरी वड्यासाठी, आपण हात वर केलेला असतो. आणि मग कुणीतरी लांबून फोन करून विचारतं, राहायला कसं आहे?

मी सेक्रेटरींना म्हटलं, हा ठराव रद्द करायचा आहे. ते म्हणाले, ‘अहो, अनुमोदक तुम्हीच!’

‘म्हणूनच.’

विशेष सभा झाली. ‘आपल्या बायकामुलींच्या सुरक्षिततेचं काय?’ असं एकांनी विचारलं. भाचीही कुणाची तरी मुलगीच आहे, असं मी म्हणालो. माझा आवाज जरा चढला होता, असं ही म्हणते. ठराव दोन मतांनी रद्द झाला. त्यातलं एक माझं. दुसरं आमच्या जिन्यातल्या एका विद्वानाचं. बाकीचे तिघे विरुद्ध आहेत असं पाहून त्यानं आमच्या बाजूनं मत दिलं. यापुढे खाण्याचे पदार्थ सर्व विषय संपल्याशिवाय आणू नयेत, अशी दुसरी सूचना मी मांडली होती. ती एकमतानं फेटाळण्यात आली.

भाची जुलैत आली. आमच्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते. पहिल्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या काकूंनी तिला जिन्यात अडवून ‘एकटीच का गं?’ म्हणून विचारलं. ठराव रद्द करून माणसं रद्द होत नाहीत. पण पंधरा दिवसांनी तिला ताप आला, तेव्हा पेज घेऊन वर जाणाऱ्याही त्याच काकू होत्या, असं कळलं. आता याचे गुण अधिक धरायचे की उणे, ते मला ठरवता आलेलं नाही. गणित कच्चंच राहिलं.

परवा रविवारी ती जेवायला आली होती. हात धुता धुता मी सहज विचारलं, ‘काय गं, कसं आहे पुणं राहायला? खरं सांग हं.’

तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, ‘उद्या सांगते.’